मोडशी, मोर्देशीं आणि कुत्र्याचे मरण

पटकी या रोगाला इंग्रजी वैद्यकात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एक चमत्कारिक नाव होते: 'मोर-द-श्यां'. शब्द दिसायला फ्रेंच आहे आणि फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ 'कुत्र्याचे मरण' असा होतो. चार्ल्स कर्टिस या इंग्रज आरमारी डॉक्टराने १७८२ च्या सुमारास मद्रास आणि त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या रोगांचे वर्णन १८०७ साली छापले. त्यातही हेच नाव आहे. उलट्या-जुलाबांनी काही तासांत माणूस कोरडा होतो, हातापायांत गोळे येतात, डोळे खोल जातात आणि बहुतेक वेळा तो दगावतो. असे मरण पाहिलेल्या माणसाला हे नाव पटले तर नवल नाही. मराठीतही 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा वाक्प्रचार आहेच.

पण या शब्दात कुत्रा नाही, मरणही नाही. शब्द मूळचा आपल्याच भाषेतला आहे. तो म्हणजे 'मोडशी'.

ही माहिती बहुतेकांना मिळते ती 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातून. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी तयार केलेला हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेले देशी शब्द कोठून आले, हे त्यात अवतरणे देऊन सांगितले आहे. बर्नेल १८८२ सालीच वारला होता, त्यामुळे शेवटचा हात यूलचा. विल्यम क्रुक याने वाढवलेली आवृत्ती १९०३ साली आली आणि आजही तीच वापरात आहे. कोशाचे नावसुद्धा एका बिघडलेल्या शब्दाचा नमुना आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' हा घोष गोऱ्या सोल्जरांच्या कानी पडून त्यांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' असा झाला.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोशातील एका नोंदीची चिकित्सा आज कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की शब्दांच्या जन्मकथा शिक्षकांना फार उपयोगी पडतात. मुलांना त्या आवडतात, भित्तिपत्रकाला त्या शोभतात, आणि भाषेचा तास व विज्ञानाचा तास यांच्यामध्ये त्या पुलासारख्या उभ्या राहतात. पण जन्मकथा हा पुरावा नव्हे. 'हॉब्सन-जॉब्सन'मधील या नोंदीत शब्दाचा प्रवास बिनचूक सांगितला आहे, असे आमचे मत आहे. मात्र त्या प्रवासाच्या आधाराने जे दोन निष्कर्ष काढले आहेत, त्यांतला एक संशयास्पद आहे आणि दुसरा शब्दाच्या बळावर मुळीच टिकत नाही. हा फरक पाहण्यासाठी ही नोंद म्हणजे उत्तम उदाहरण आहे.

आधी प्रवास पाहू. नोंदीत म्हटले आहे की 'मोर-द-श्यां' हे पोर्तुगीज 'मोर्देशीं'चे फ्रेंच कल्पनेने घडलेले रूप, आणि 'मोर्देशीं' हे कोकणी-मराठीतील 'मोडशी'चे रूप. गोव्यातील पोर्तुगीजांचे लेखन या म्हणण्याला पूर्ण दुजोरा देते. गास्पार कोर्रेया या बखरकाराने १५४३ साली गोव्यात पसरलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन केले आहे, आणि देशी लोक त्या रोगाला 'मोर्शी' म्हणतात अशी नोंद केली आहे. (अमरावती जिल्ह्यातील मोर्शी गावाचा याच्याशी काही संबंध नाही, हे लिहून ठेवलेले बरे.) वीस वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. हा तोच ओर्ता, ज्याच्याकडे काही काळ मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. त्याने तर स्पष्टच लिहिले आहे की देशी लोक 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो. रोगाचे अरबी नावही त्याने दिले आहे, आणि आज हिंदी-उर्दूत जो 'हैजा' आहे तो तेथूनच आलेला आहे.

आता 'मोडशी'चे 'मोर्शी' कसे झाले? पोर्तुगीज लिपीत हा शब्द 'एक्स' अक्षराने लिहिलेला आढळतो. इंग्रजीच्या सवयीने आपण तेथे 'क्स' वाचतो, पण पोर्तुगीज भाषेत त्या अक्षराचा उच्चार बहुधा 'श' होतो. म्हणजे 'श'ची अडचण नाही. राहिला 'ड'. आपला मूर्धन्य 'ड', म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारलेला, युरोपीय भाषांत नाही. दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या मध्यावर तो आला की त्या कानांना 'र'सारखा ऐकू येतो. बडोद्याचे इंग्रजीत 'बरोडा' झाले, कवडीची 'कौरी' झाली, पगडीची 'पगरी' झाली, साडीची 'सारी' झाली. 'मोडशी'ची 'मोर्शी' होणे याच नियमात बसते. कोणाच्या कानाला त्यात 'र' आणि 'द' दोन्ही ऐकू आले, त्याने 'मोर्देशी' लिहिले. शेवटचा अनुनासिक हा पोर्तुगीज वळणाचा. हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहून पाहावे. चार-पाच शब्द दिले की पुढचे मुलेच शोधतात.

नोंदीत मराठी-कोकणी रूपे तीन दिली आहेत: मोडाची, मोडशी, मोडवशी. यांपैकी 'मोडाची' हे रूप आम्हांला पटत नाही. पोर्तुगीज लेखनात सगळीकडे 'श' आहे, 'च' कोठेच नाही. इंग्रजीत 'च' म्हणून वाचली जाणारी जोडाक्षरे फ्रेंचमध्ये 'श' म्हणून वाचली जातात. फ्रेंच वळणाने कोणी 'मोडाशी' लिहिले असेल आणि इंग्रजाने ते 'मोडाची' वाचले असेल, तर हे तिसरे रूप म्हणजे केवळ वाचनातली चूक ठरते. नोंद करणाऱ्यांनी हे तपासायला हवे होते. ज्या कोशाचा विषयच कानाने आणि डोळ्याने केलेल्या चुका हा आहे, त्यात ही अपेक्षा जास्त नाही.

पोर्तुगीजांकडून शब्द फ्रेंचांकडे गेला आणि तेथे त्याचे जे झाले त्याला भाषाशास्त्रात 'लोकव्युत्पत्ती' म्हणतात. परका, निरर्थक वाटणारा शब्द आपल्या भाषेतील ओळखीच्या शब्दांत बसवून घेणे म्हणजे लोकव्युत्पत्ती. 'मोर' म्हणजे मरण, 'द' म्हणजे चा, 'श्यां' म्हणजे कुत्रा. मोर्देशीं, मोर-द-श्यां. उच्चार जवळजवळ तोच राहिला आणि अर्थ मात्र नवाच निघाला. नवा अर्थ रोगाच्या भीषणतेला साजेसा असल्यामुळे पक्काही झाला. पुढे तर कुत्रा स्वतंत्रपणे प्रवास करू लागला. हिंदी महासागरातील बुर्बाँ बेटावर, ज्याला आता रेयुनियाँ म्हणतात, अठराव्या शतकाच्या आरंभी एका रोगाला 'कुत्र्याचा रोग' म्हणत असल्याची नोंद यूलने दिली आहे. तेथे त्यावर उपाय होता रोग्याच्या टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याचा. हाच उपाय देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १६७० नंतरच्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाहिला होता. म्हणजे शब्द एकटा गेला नाही, डागणीही बरोबर घेऊन गेला. केवळ ध्वनिसाम्यावर उभी असलेली व्युत्पत्ती नेहमीच थोडी डळमळीत असते. येथे उपचाराची साक्ष मिळते, म्हणून ती भक्कम होते. नोंदीचा हा भाग आम्हांला फार आवडला.

जालन्याच्या वाचकांना लोकव्युत्पत्तीसाठी बुर्बाँ बेटापर्यंत जाण्याची गरज नाही. जालना गावाचे मूळ नाव जनकपूर होते आणि एका श्रीमंत जुलाह्याच्या, म्हणजे विणकराच्या, इच्छेवरून ते जालना झाले, अशी आख्यायिका जुन्या गॅझेटियरांनीही नोंदवली आहे. गावात विणकर होते, हे या आख्यायिकेवरून कळते. गावाचे नाव त्यांच्यावरून पडले, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

आता पहिला आक्षेप. 'मोडशी' हा शब्द 'मोडणे' या क्रियापदावरून आला, असे नोंद सांगते. आम्हांलाही ते बरोबर वाटते. पण पुढे 'मोडणे'चा अर्थ देताना तुटणे, खचणे असे म्हणून यूल त्यात 'कोलॅप्स' हा शब्द घालतो. 'कोलॅप्स' हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज डॉक्टरांचा पटकीसंबंधीचा खास पारिभाषिक शब्द होता. नाडी लागेनाशी होते, अंग थंड पडते, आवाज बसतो, ती रोगाची शेवटची पायरी म्हणजे 'कोलॅप्स'. म्हणजे यूलने आपल्या काळच्या दवाखान्यातला शब्द सोळाव्या शतकातील मराठी क्रियापदाच्या तोंडी घातला. मग व्युत्पत्ती आणि रोगवर्णन एकमेकांत असे काही चपखल बसतात की वाचणाऱ्याला वाटावे, या नावातच पटकीची शेवटची अवस्था सांगितली आहे.

मराठी कानाला असे वाटत नाही. अंग मोडून येते ते साध्या तापातही. मोडशी हा शब्द मराठीत अजून आहे, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने 'मोडशी झाली' म्हटले तर कोणी घाबरत नाही. अवेळी खाल्ले, जड खाल्ले, पोट बिघडले, मळमळते, जुलाब होतात, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर आले, ओवा किंवा लिंबू पुढे येते. यूलचा 'कोलॅप्स' या शब्दाच्या आसपासही नाही. भाषेत शब्दांचे अर्थ सौम्य होत जातात, तेव्हा सोळाव्या शतकात मोडशी भयंकर असेलही. ओर्ताने केलेले वर्णन तर भयंकरच आहे. पण ती भयंकरता ओर्ताच्या वर्णनात आहे. 'मोडणे' या धातूत ती नाही. यूलने ती एकीकडून काढून दुसरीकडे ठेवली.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो विज्ञानाच्या पद्धतीशी संबंधित आहे. १८१७ साली बंगालमध्ये पटकीची मोठी साथ सुरू झाली. जेसोर येथे ऑगस्टमध्ये तिचा बोभाटा झाला आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या छावणीवर तिने झडप घातली. त्यानंतर इंग्रजांत असा समज पसरला की हा रोग हिंदुस्थानात पूर्वी नव्हताच, १८१७ साली तो नव्याने जन्मला. यूलला हा समज बिनबुडाचा वाटतो. त्याचे म्हणणे असे की रोग जुनाच आहे. पूर्वी तो 'मोर-द-श्यां' या नावाने वावरत होता, आणि नाव वेगळे असल्यामुळे लोकांना तो ओळखता आला नाही. ही कल्पना चतुर आहे. नाव बदलले की वस्तू नवी वाटते, हे खरेच आहे.

परंतु याच तर्काची उलट बाजू पाहा. 'कॉलरा' हा शब्द 'मोडशी'पेक्षा कितीतरी जुना आहे. ग्रीक वैद्यकात तो हिपॉक्रॅटिसच्या परंपरेपासून आहे. टॉमस सिडनहॅम या प्रसिद्ध वैद्याने १६६९ साली लंडनमध्ये आलेल्या 'कॉलरा'च्या साथीचे वर्णन केले आहे. तर मग सतराव्या शतकात लंडनला गंगेकाठची पटकी होती, असे यूल म्हणाला असता काय? मुळीच नाही. ती उन्हाळ्याच्या अखेरीस होणारी साधी हगवण-ओकारी होती, आणि खरी पटकी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आली ती १८३१ साली, संडरलंड बंदरात, हे त्या काळच्या प्रत्येक डॉक्टराला माहीत होते. इंग्रजी शब्दाच्या बाबतीत एकच नाव दोन रोगांना असू शकते, हे मान्य करायचे आणि मराठी शब्दाच्या बाबतीत नाव आहे म्हणजे रोग आहेच, असे म्हणायचे, हा न्याय सारखा नाही. 'मोडशी'ही साध्या अपचनापासून प्राणघातक ओकारीपर्यंत सगळ्याला लागू पडत असणार, जसा 'कॉलरा' पडत होता.

यूलवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्याच्या नोंदीत शीर्षकाखाली जी अवतरणे आहेत, ती व्युत्पत्तीपेक्षा फार वजनदार आहेत. १५४३ च्या साथीत गोव्याच्या गव्हर्नराने एका मृताचे पोट फाडून पाहण्याचा हुकूम केला, असे कोर्रेया लिहितो. आत आकसलेल्या जठराशिवाय काही सापडले नाही. ओर्ताने खोल गेलेले डोळे, न लागणारी नाडी, थंड घाम, न भागणारी तहान आणि पायांत येणारे गोळे अशी एकेक खूण टिपली आहे. शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने गेल्याची ही लक्षणे आहेत. आजचा डॉक्टर ही यादी वाचून पटकीचाच संशय घेईल. तेव्हा १८१७ पूर्वी पश्चिम किनाऱ्यावर पटकी असण्याची शक्यता मोठी आहे, हे यूलचे मत आम्हांला मान्य आहे. फक्त ते कोर्रेया आणि ओर्ता यांच्या निरीक्षणांमुळे मान्य आहे, 'मोडणे' या धातूमुळे नव्हे. शब्दाने एवढेच केले की ती निरीक्षणे कोठे शोधायची याचा पत्ता सांगितला.

आणि निरीक्षणांनाही एक मर्यादा आहे. पटकीचा जंतू फिलिपो पाचिनी याने १८५४ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात त्याची ओळख पक्की केली. त्याआधीच्या साथींत तोच जंतू होता का, हे सांगायला त्या काळची ऊती हवी. अशी एक ऊती मिळाली आहे. १८४९ साली फिलाडेल्फियात पटकीने मेलेल्या एका रोग्याच्या आतड्याचा तुकडा तेथील वैद्यक-संग्रहालयात जपून ठेवलेला होता. त्यातील जंतूच्या जनुकांचा आराखडा शास्त्रज्ञांनी वाचला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. पटकीच्या जंतूच्या ज्या प्रकाराला 'क्लासिकल' म्हणतात, त्याचाच तो नातेवाईक निघाला. १५४३ च्या गोव्याबद्दल अशा दर्जाचा पुरावा कोणत्याही कोशातून निघणार नाही.

येथे जालन्याचा संबंध येतो. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असईला लढाई झाली, त्यानंतरच्या काळात निजामाच्या मुलखात राहणाऱ्या इंग्रजी फौजेचे जालना हे मोठे ठाणे झाले. १८१७ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांविरुद्ध जी कुमक गेली, ती ब्रिगेडियर डव्हटन याने जालन्याहूनच नेली. म्हणजे जालना-नागपूर हा त्या वर्षी फौजांच्या आणि बाजारबुणग्यांच्या वर्दळीचा रस्ता होता. १८१८ च्या उन्हाळ्यात पटकी नागपूरला आली आणि पावसाळ्यात याच रस्त्याने जालन्याला उतरली. तेथून औरंगाबाद, अहमदनगर, शिरूर, पुणे, पनवेल, आणि ऑगस्टमध्ये मुंबई. नकाशा समोर ठेवून ही नावे वाचली की रोग माणसांच्या वाटेने चालतो, वाऱ्याच्या दिशेने नव्हे, हे दिसते. त्या वेळच्या बहुतेक डॉक्टरांना मात्र ते दिसले नाही. ते हवेत, ढगांत आणि दमटपणात कारण शोधत राहिले.

या साथीवर तिन्ही इलाख्यांनी अहवाल छापले: मुंबईने १८१९ साली, बंगालने १८२० साली, मद्रासने १८२४ साली. जालन्याची फौज मद्रासची, म्हणून तिची हकिगत मद्रासच्या अहवालाच्या वाट्याला आली. या अहवालांचे शब्द ठरले ते 'कॉलरा', 'आचक्यांचा कॉलरा', 'साथीचा कॉलरा'. 'मोर-द-श्यां' हळूहळू मागे पडला. अडीचशे वर्षे पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज जहाजांतून हिंडलेला मराठी शब्द नाहीसा होऊ लागला तो नेमका पटकी मराठी मुलखातून चालत असताना. त्याच्या जागी जो आला, तो खूपच गैरसोयीचा होता. 'कॉलरा' या ग्रीक शब्दाचा संबंध बहुतेक जण 'कोले' म्हणजे पित्ताशी जोडतात. पन्हळीशी तो जोडणारेही काही आहेत, आणि खरे म्हणजे ती उपमा अधिक बरी, पण वैद्यकावर पगडा बसला तो पित्ताचा. पटकीच्या रोग्याचे जुलाब मात्र तांदळाच्या धुवणासारखे असतात. त्यांत पित्ताचा रंग नसतो.

नाव पित्ताचे आणि पित्तच दिसेना! छावण्यांतल्या डॉक्टरांनी हे पाहिले होते आणि लिहूनही ठेवले होते. त्यांनी नावावर संशय घेतला असता तर ठीक होते. त्याऐवजी अनेकांनी असा अर्थ लावला की यकृताने पित्त अडवून धरले आहे, ते मोकळे केले पाहिजे. त्यासाठी कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, मोठ्या मात्रेत द्यायचे. जोडीला अफूचा अर्क आणि शिरेतून रक्त काढणे. ज्याच्या अंगातले पाणी संपत चालले आहे त्याला पारा द्यायचा आणि वर रक्तही काढायचे. या चुकीचे सगळे खापर आम्ही एका शब्दावर फोडणार नाही, त्या काळचे सगळे वैद्यकच पित्त, कफ आणि रक्त यांच्या हिशेबावर उभे होते. पण शब्दाने त्या हिशेबाला आधार दिला, हे नक्की. जेसोरच्या टायटलर नावाच्या डॉक्टराने तर नवेच लॅटिन नाव सुचवले, त्याचा अर्थ 'तांदळाचा रोग'. खराब तांदूळ हे कारण त्याने मनाशी ठरवले आणि तेच नावात घातले. सुदैवाने ते नाव चालले नाही. चालले असते तर पाण्याकडे लक्ष जायला आणखी किती वर्षे लागली असती कोणास ठाऊक.

याउलट ओर्ताच्या काळचे गोव्यातील देशी वैद्य रोग्याला मिरी-जिरे घातलेली भाताची पेज पाजत, असे ओर्ता सांगतो. पटकीचे विष आतड्याच्या पेशींना पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लावते, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांच्या १९५९ मधील प्रयोगांमुळे उमगू लागले. १९७१ साली बोनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून हजारो रोगी वाचवले. नंतर साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही तसे पाणी करता येते, हे सिद्ध झाले. गोव्याच्या वैद्यांना हे सगळे ठाऊक होते, असा दावा आम्ही करत नाही. त्यांनी डागण्याही दिल्याच होत्या. पण त्यांच्याजवळचे नाव पित्ताचे नव्हते, म्हणून पित्ताच्या मागे धावण्याचे त्यांना कारण नव्हते.

रोगांची देशी नावेही वेगवेगळ्या जागी उभे राहून ठेवलेली असतात. आयुर्वेदातील 'विसूचिका' सुईवरून आली. अंगाला सुया टोचल्यासारख्या वेदना, ही रोग्याची बाजू. 'मरी', 'महामारी' ही गावाची बाजू. किती माणसे गेली ते सांगणारी. मराठवाड्यात मरीआईचे ठाणे गावोगाव आहे, आणि साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची चाल होती. रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, एवढे ज्ञान त्या चालीत आहे. कशाबरोबर जातो, हे नाही.

आणि आता आपल्या काळाचे नाव: 'गॅस्ट्रो'. पावसाळ्याच्या तोंडाशी वर्तमानपत्रांत 'अमुक गावात गॅस्ट्रोची लागण' ही बातमी ठरलेली असते. ज्या इंग्रजी शब्दाचा हा तुकडा, त्याचा अर्थ जठर आणि आतड्यांचा दाह. त्यातला 'दाह' गेला, 'आतडे' गेले आणि उरले ग्रीकातले नुसते 'पोट'. म्हणजे अमुक गावात पोटाची लागण! 'गॅस्ट्रो'त पटकी येते, विषाणूंची हगवण येते, शिळ्या अन्नातून झालेली विषबाधाही येते. पटकी असेल तर ती कळवणे बंधनकारक आहे, आणि ती आहे की नाही हे विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. शासनाच्या साथरोग सर्वेक्षणात 'तीव्र अतिसार' आणि 'कॉलरा' यांचे रकाने वेगळे ठेवले आहेत ते याचसाठी. 'गॅस्ट्रो' म्हटले की तपासणीची निकड कमी भासते. नाव सौम्य आहे, ओळखीचे आहे, कोणाला जबाबदार धरत नाही. एका साथीच्या वेळी एका गावात आम्ही विचारले की नमुने पाठवले का, तेव्हा उत्तर मिळाले, 'गॅस्ट्रोच आहे, नमुने कशाला?' शब्द हेच निदान झाले होते. पण गावाने काय करायचे हे नमुन्याच्या निकालावर अवलंबून असते. टँकरचे पाणी, फुटलेली जलवाहिनी, की लग्नातले जेवण, यांतले काय शोधायचे ते त्यावरून ठरते. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर आहे का आणि पाण्याची ओटी चाचणी केव्हा झाली, हे प्रश्न मात्र निकालाची वाट न पाहता विचारायचे असतात.

वर्गासाठी आम्ही एक गोष्ट करून पाहिली आहे, ती कोणालाही करता येईल. फळ्यावर तीन उभे रकाने आखावेत. पहिल्यात रोगाचे नाव: मोडशी, मोर-द-श्यां, कॉलरा, विसूचिका, मरी, हैजा, गॅस्ट्रो. दुसऱ्यात ते नाव ठेवणाऱ्याने काय पाहिले. तिसऱ्यात त्या नावावरून कारण कळते का. सातवी-आठवीची मुले दुसरा रकाना भराभर भरतात आणि त्यावर भांडतातही. 'मरी'पुढे 'प्रेते' लिहायचे की 'गाव' लिहायचे, यावर एकदा अर्धा तास गेला. तिसरा रकाना रिकामाच राहतो. मग मलेरिया, हिवताप, इन्फ्लुएंझा, देवी, कावीळ ही नावे घ्यावीत. मलेरियापाशी पहिल्यांदा तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिले जाते, 'वाईट हवा', आणि एखादी मुलगी उठून सांगते की ते चूक आहे, डास हवे. परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद या भागांतील शिक्षकांनी आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारून पहिल्या रकान्यात आणखी नावे घालावीत आणि ती आमच्याकडे पाठवावीत. नावाबरोबर ते कोणत्या लक्षणांसाठी वापरतात, तेही लिहावे. यूलच्या नोंदीत मराठी शब्दांबाबत नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे.